घेतलं तेवढं भरलं

नगर जिल्ह्याला समुद्र नाही, ही गोष्ट मला चौथीच्या भूगोलापासून ठाऊक होती. तरी बहात्तर सालच्या त्या दिवाळीनंतर भेटेल त्यानं ती मला नव्यानं सांगितली. एस.टी.च्या कंडक्टरनं सांगितली, कॉलेजच्या शिपायानं सांगितली, प्राचार्यांनी तर दोनदा सांगितली. मी तेव्हा राहात्याजवळच्या एका नव्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, राहायला पुणतांब्याला होते, आणि पीएच.डी. करत होते समुद्राच्या पाण्यावर. यात हसण्यासारखं काय आहे ते मला आजही कळत नाही. चंद्रावर संशोधन करणारे काय चंद्रावर राहतात?

विषय पुण्याच्या सरांनी दिलेला होता. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. समुद्राच्या पाण्यात तांबं असतं, अगदी नावापुरतं. पण तेवढंही मोकळं राहिलं तर पाण्यातल्या बारीक जिवांना विषासारखं बाधतं. ते बाधत नाही, कारण त्याच पाण्यात कुजलेलं शेवाळ, माशांची बुळबुळ, नद्यांनी आणलेला पालापाचोळ्याचा अर्क असं काय काय विरघळलेलं असतं. त्याला शास्त्रात सेंद्रिय द्रव्य म्हणतात. हे द्रव्य तांब्याच्या कणाला असं धरून बसतं, की तांबं असूनही नसल्यासारखं होतं. किती तांबं धरलेलं आणि किती मोकळं, हे मोजायचं एवढंच माझं काम. सांगायला पाच मिनिटं लागतात, करायला चार वर्षं गेली होती.

आणि पाचवं वर्ष मिळणार नव्हतं. संस्थेनं मला स्पष्ट लिहून दिलं होतं, की जूनपर्यंत प्रबंध सादर झाला तर मी कायम, नाहीतर जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेसाठी अध्यक्षांच्या साडूचा मुलगा एम.एस्सी. होऊन घरी तयारच बसला होता, हे अख्ख्या तालुक्याला माहीत होतं. नोकरी गेली की मला नगरला वडिलांच्या घरी जावं लागणार होतं. तिथं गेले की माझी पत्रिका पुन्हा बाहेर निघणार होती, पोह्यांच्या बशा घेऊन मी पुन्हा बाहेरच्या खोलीत जाणार होते, आणि तीस वर्षांच्या मुलीला शिक्षण किती झालंय याच्यापेक्षा चष्म्याचा नंबर किती आहे हेच विचारलं जाणार होतं. मला ते नको होतं. जीव गेला तरी नको होतं.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी कोकणात गेले, एका खाडीच्या तोंडाशी होडी करून आत गेले, उलट्या केल्या, आणि वीस लिटरचा प्लास्टिकचा कॅन भरून आणला. येताना एस.टी.त कंडक्टरनं कॅनवर टिचकी मारली.

"काय हाय ह्याच्यात, बाई?"

"पाणी."

"पानी?" त्यानं सगळ्या गाडीकडे बघितलं. "बगा रं, शानी मानसं आता प्यायचं पानी संगं घिऊन फिरायला लागली. गोडं हाय का?"

"खारं आहे. समुद्राचं."

त्यावर गाडीत जे हसू पिकलं ते संगमनेर येईपर्यंत टिकलं. एका म्हाताऱ्यानं तर मला अगदी कळवळ्यानं सांगितलं, "लेकी, आमच्या हिरीचं पानीबी आता खारंच लागतंय, येवड्या लांब कशाला गेलीस?"

कॅन कॉलेजात ठेवायचा विचार होता, पण प्रयोगशाळेला पत्रे होते आणि उन्हात आत भाकरी भाजली असती. पाणी गार आणि अंधारात ठेवायला हवं. प्राचार्य म्हणाले, "कॉलेजात मुलांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही समुद्र साठवता?" मी म्हटलं, समुद्र पिता येत नाही. ते म्हणाले, तेच तर म्हणतोय मी. मग पहिल्या दिवसाची मोजमापं तिथंच उरकली आणि कॅन माझ्या बिऱ्हाडी आला.

बिऱ्हाड म्हणजे नदीकडच्या आळीत एका शेतकरी कुटुंबाच्या घरातली मागची खोली. घरमालकीण पन्नाशीची, उंच, काटक. मी तिला मावशी म्हणायचे. घरधनी दुष्काळामुळे बैल घेऊन गुरांच्या छावणीवर राहायला गेलेले, पंधरवड्यातून एकदा यायचे आणि भिंतीला टेकून झोपायचे. म्हणजे घरात आम्ही दोघी. पुणतांब्याला गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. त्या वर्षी गंगा म्हणजे नुसती वाळू होती. मावशी पहाटे उठून वाळूत खणलेल्या झिऱ्यावर जायची आणि वाटीवाटीनं हंडा भरून आणायची. सोमवारी त्यातलं पहिलं गडूभर पाणी देवापाशी, आठवडाभरासाठी. तांब्याचा गडू, चिंचेनं लख्ख घासलेला, वर तुळशीची पानं. मग उरलेलं माणसांना.

मी कॅन खोलीच्या कोपऱ्यात ठेवला आणि उजेड लागू नये म्हणून त्याला काळं फडकं गुंडाळून पोत्यात घातला. मावशी दारात उभी राहून बघत होती.

"ह्ये खरंच समिंदराचं?"

"खरंच."

तिनं लांबूनच हात जोडले. मग विचारलं, "काय करनार ह्याचं?"

आता वास्तविक मला गप्प बसायला काय झालं होतं? पण शिकवायची खोड. मी तिला तांबं आणि सेंद्रिय द्रव्य समजावून सांगायला बसले. तिनं चुलीपुढून न हलता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे बिनकल्हईच्या पातेल्यात ताक ठिवलं तर कळकतं, तसंच की."

"हो. आंबटात धातू उतरतो. पण समुद्र कळकत नाही, हेच तर."

"म्हंजी त्याला आतून कल्हई हाय म्हना."

चार वर्षांत माझा विषय इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितला नव्हता. सरांनी तर नाहीच. पण एम.एस्सी. झालेल्या बाईनं चुलीपुढच्या बाईला असं लगेच बरोबर म्हणायचं नसतं, म्हणून मी म्हटलं, "तसं अगदी नाही, मावशी, थोडं गुंतागुंतीचं असतं." ती म्हणाली, "आसंल बाई," आणि भाकरी उलटली.

मग माझे शनिवार सुरू झाले. दर शनिवारी मी नळी लावून कॅनमधलं अर्धा लिटर पाणी बाटलीत ओढून घ्यायचे आणि एस.टी.नं कॉलेजात न्यायचे. त्याचे दोन भाग. एका भागात थेट अभिकारक घालायचा. तो फक्त मोकळं तांबं पकडतो आणि पिवळा रंग देतो. दुसरा भाग आम्ल आणि पर्सल्फेट घालून उकळायचा, म्हणजे धरून बसलेलं सेंद्रिय द्रव्य जळून जातं आणि सगळं तांबं मोकळं होतं. मग त्यात अभिकारक. दोन पिवळ्या रंगांतला फरक म्हणजे धरलेलं तांबं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण यावरच होतं. पाणी जसजसं जुनं होतं तसतशी धरण्याची ताकद बदलते का? सरांना वाटत होतं, वाढते. का वाटत होतं, कुणास ठाऊक. मोठ्या माणसांना वाटतं.

आणि खरंच वाढायला लागली की! दुसऱ्या शनिवारी जराशी, तिसऱ्या शनिवारी आणखी. नाताळपर्यंत आलेख असा चढला होता की पट्टी लावून रेघ ओढावी. खरं तर एक गोष्ट खटकायला हवी होती. धरलेलं तांबं वाढत होतं तसं एकूण तांबंही वाढत होतं. बंद कॅनमध्ये तांबं येणार कुठून? मी सरांना पत्र लिहिलं. सरांचं उलट टपाली उत्तर आलं: कॅनच्या भिंतीला चिकटलेलं तांबं सेंद्रिय द्रव्य हळूहळू ओढून घेत आहे, अभिनंदन. मला वाटलं, वा. याला म्हणतात दृष्टी.

आणखी एक गोष्ट खटकायला हवी होती. कॅनमधून दर आठवड्याला अर्धा लिटर जात होतं, पण झाडताना कॅन सरकवला तर तो पहिल्याइतकाच जड लागायचा. मी असं ठरवलं की दुष्काळात एकवेळच्या जेवणानं मीच अशक्त झाले असेन. आत डोकवायचा प्रश्नच नव्हता, कॅनला काळं फडकं मी स्वतःच्या हातानं बांधलं होतं.

बारा शनिवार झाले. फेब्रुवारीत प्रकरण लिहून झालं. सर खूश होते. त्यांनी त्या आलेखाला "आपला आलेख" म्हणायला सुरुवात केली होती, म्हणजे काय ते संशोधन केलेल्यांना वेगळं सांगायला नको. फक्त एक तक्ता अपुरा होता. पाण्याचा खारेपणा पहिल्या दिवशी मोजला होता, तो शेवटच्या दिवशीही मोजून लिहायचा. नुसता उपचार. मधल्या काळात मोजला नव्हता, कारण त्याला सिल्व्हर नायट्रेट लागतं आणि ती बाटली प्राचार्यांच्या कपाटात कुलपात असे. मी अर्ज केला. तीन दिवसांनी बाटली मिळाली, सोबत शिपाई, ती परत घेऊन जायला.

ब्युरेट लावली, थेंब थेंब सोडायला लागले, आणि रंग फारच लवकर पालटला, म्हणजे मीठ कमी. मी म्हटलं, माझा हात चुकला. पुन्हा केलं. म्हटलं, नायट्रेट जुनं असेल. शिपाई म्हणाला, "बाई, शील आत्ता फोडलंय." तिसऱ्यांदा केलं. समुद्राच्या पाण्यातलं तिनातला एक हिस्सा मीठ गेलं होतं.

मीठ उडून जात नाही. मीठ सडत नाही. मीठ भिंतीला चिकटून बसत नाही. सरांच्या कुठल्याही सिद्धांतात ते मावेना. मी तीनची गाडी पकडून घरी आले, पोतं सोडलं, काळं फडकं काढलं आणि आत बघितलं. कॅन गळ्यापर्यंत भरलेला होता.

मावशी अंगणात ज्वारी निवडत बसली होती.

"मावशी, माझ्या कॅनला कुणी हात लावला होता?"

"म्या," ती म्हणाली. "दुसरं कोन लावनार?"

लपवाछपवी नाही, चेहऱ्यावर अपराध नाही, उलट जरा कौतुकानंच तिनं सगळं सांगितलं. मी कॅन आणला त्याच दिवशी, मी नाहायला गेले असताना, तिनं त्यातलं एक बरणीभर तीर्थ काढून घेतलं होतं. समुद्र म्हणजे सगळ्या तीर्थांचं तीर्थ, ते घरात आलेलं असताना घेऊ नये का? पण बाईंचं कमी व्हायला नको म्हणून तिनं लगोलग देवापाशी ठेवलेलं तांब्यातलं गंगेचं पाणी तेवढंच मोजून आत ओतलं. पुढं मी दर शनिवारी काढते हे तिनं पाहिलं. आणि तीर्थ आटू द्यायचं नसतं. घरातलं गंगाजळ संपत आलं की त्यात साधं पाणी घालतात आणि ते सगळंच गंगाजळ होतं, हे तर पोरासोरांनाही माहीत. म्हणून दर सोमवारी मी कॉलेजात गेले की देवापुढचा गडू, आठवडाभर तुळस मुरलेला, ती माझ्या कॅनमध्ये रिकामा करत होती.

"घेतलं तेवढं भरलं, बाई. थेंबभर कमी ठिवलं न्हाई म्या."

म्हणजे चिंचेनं घासलेलं तांबं. म्हणजे तुळशीचा अर्क. म्हणजे आपला आलेख! तेरा आठवडे मी एका तांब्याच्या गडूचा आणि मूठभर तुळशीचा अभ्यास केला होता. आणि ज्या वर्षी लोक वाटीवाटीनं वाळू उपसत होते, त्या वर्षी ही बाई झिऱ्यावरचं गोडं पाणी माझ्या खाऱ्या पाण्यात ओतत होती. हे शेवटचं मला तेव्हा सुचलंच नाही, खूप नंतर सुचलं. तेव्हा मी फक्त ओरडले. मी तापट आहे, लहानपणापासून आहे. माझी नोकरी गेली, माझी चार वर्षं गेली, तुम्ही माझं वाटोळं केलंत, असं काहीबाही. आजूबाजूच्या बायका दारात आल्या. मावशीचा हात सुपातच थांबला होता. आणि तेवढ्यानं भागलं नाही म्हणून मी म्हटलं,

"आणि तीर्थ तीर्थ काय लावलंय? तुमची गंगा या समुद्राला मिळतच नाही! ती जाते तिकडं, पूर्वेला, आंध्रातून पलीकडच्या समुद्राला. हा अलीकडचा समुद्र आहे. याचा आणि तुमच्या गंगेचा काही संबंध नाही. काही म्हणजे काही नाही!"

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "समिंदर दोन असत्यात व्हय?"

"दोन कशाला, चांगले पाच-सात आहेत," मी म्हटलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

सकाळी दार उघडलं तर ती बाहेर उंबऱ्याशी बसलेली होती. पुढ्यात लोणच्याची चिनी मातीची बरणी, तोंडाला पांढरं धडपं घट्ट बांधलेलं.

"ह्ये पयल्या दिसाचं," ती म्हणाली. "ह्याच्यात गंगा मिसळल्याली न्हाई. तुमच्या कामाचं आसंल तर घ्या. नोकरी जाऊ दिऊ नगा."

मी विचारलं, तांब्यात का नाही ठेवलं? ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी एखाद्या ढ मुलाकडे बघते. "खारट पानी तांब्यात ठिवत्यात व्हय? कळकंल की."

मग बरणी हातात न देता तिनं जरा वेळ स्वतःच्याच मांडीवर धरली. तिला एक मुलगी होती, हे मला दीड वर्षात कुणी सांगितलं नव्हतं. नऊ वर्षांची होऊन तापानं गेली. घाटावर रक्षा सोडली तेव्हा गंगेला पूर होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत. "पान्यानं कशी भरकन नेली. म्या म्हनलं, आता कुटं थांबायची न्हाई, समिंदरालाच जाईल. तुमी आनलं तवा वाटलं, आली परत." मग म्हणाली, "पर तुमी म्हनता तसं दुसरीकडं गेली आसंल तर ऱ्हाऊ द्या. तुमच्या कामाला यीऊ द्या."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जगातला सगळा समुद्र एकच आहे, त्याला भिंती नाहीत, हे माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर मी लिहिलेलं होतं. ते वाक्य तिला म्हणून दाखवायला हवं होतं. मी बरणी घेतली.

कॉलेजात आधी खारेपणा मोजला. पहिल्या दिवसाच्या आकड्याशी तंतोतंत. मग तांबं मोजलं, मोकळं आणि धरलेलं, एकदा, दोनदा, तीनदा. दर वेळी पाणी उकळून, जाळून, मोरीत ओतत गेले. शेवटच्या उकळणीला बरणी उपडी करावी लागली. आकडा तिन्ही वेळा तोच आला, जो पहिल्या दिवशी होता. तेरा आठवडे ते पाणी लोणच्याच्या बरणीत बसून होतं आणि त्यातल्या तांब्यावरची पकड तसूभर वाढली नव्हती की घटली नव्हती. माझ्या सगळ्या प्रबंधात विश्वास ठेवण्याजोगं मोजमाप ते एकच होतं, आणि ते सांगत होतं की शेवटचं प्रकरण साफ खोटं आहे. मावशीनं ज्याच्यानं माझी नोकरी वाचावी म्हणून दिलं, त्यानंच ती बुडणार होती.

मी पुण्याला गेले. सरांनी दोन्ही तक्ते शांतपणे बघितले.

"ही बरणी तुमच्या नोंदवहीत आहे?"

"नाही, सर."

"मग ती नाही."

"पण सर, ती आहे."

"कुणाच्या नोंदीत?" ते हसले. माणूस वाईट नव्हता. मला जूनची मुदत आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना माझं भलंच करायचं होतं. "खारेपणाचा तक्ता गाळून टाका. तो कुणी विचारत नाही. काहीच बदललं नाही, असा निष्कर्ष घेऊन कुणाला पदवी मिळाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आलेख सुंदर आहे. सबमिट करा."

खोटं कशाला बोलू, गाडीत बसले तेव्हा मी तक्ता गाळायचं ठरवूनच टाकलं होतं. मनमाडला जाणारी पॅसेंजर रडतखडत चालली होती, दोन्ही बाजूंना रस्त्याच्या कामावर माणसं खडी फोडत होती, आणि मी मनातल्या मनात पान क्रमांक बदलत होते. एक तक्ता गेला की पुढचे चार आकडे मागे घ्यायचे, एवढाच काय तो त्रास. पुणतांब्याला उतरले तर मावशी स्टेशनवर आलेली. अशी ती कधी येत नसे.

"वाचली का नोकरी?"

"वाचली," मी म्हटलं.

"माज्या बरनीतल्यानं?"

"हो."

तिनं हात जोडले, मला नाही, वर कुठंतरी, आणि माझी पिशवी ओढून घेऊन ती पुढं चालायला लागली. मी तिच्या मागून चालत होते आणि मला रडू येत होतं. बरणी नाही, असं लिहायचं होतं मला. ती सोडून दुसरं काहीही मी लिहिलं असतं. पण ज्या बरणीत या बाईनं आपली पोर ठेवली होती ती बरणी नाही, हे माझ्या हातानं लिहिणं होईना. घरी जाऊन दिवे लागायच्या आत मी सरांना पत्र लिहिलं, की शेवटचं प्रकरण मी मागे घेत आहे, ते पुन्हा करीन, वेळ लागेल.

वेळ लागला. पदवी मिळाली ती पुढं तीन वर्षांनी, दुसऱ्या पाण्यावर, दुसऱ्या सरांकडे. जूनमध्ये माझ्या जागी साडूचे चिरंजीव आले. त्यांचीही पीएच.डी. झालेली नव्हती, पण संस्थेनं त्यांना मुदत दिली नव्हती, त्यामुळे ती संपायचा प्रश्न आला नाही.

निघायच्या आदल्या आठवड्यात मला रिकामी बरणी परत करायची होती. ती रिकामी कशी परत करणार? कॉलेजात माझे शेवटचे दोन दिवस होते. मी ऊर्ध्वपातित पाणी घेतलं, साधं मीठ तोलून घातलं, थोडं मॅग्नेशियम सल्फेट, चिमूटभर कॅल्शियम, आणि जे जे पुस्तकात दिलं होतं ते. मग खारेपणा मोजला. प्राचार्यांनी बाटली दिली, जाणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं. आकडा पहिल्या दिवसाच्या आकड्याला भिडेपर्यंत मी दुपारभर पाणी आणि मीठ कमीजास्त करत बसले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात काटेकोर काम तेच असावं. तांबं त्यात नव्हतं. आणि तांब्याला धरून ठेवील असं कुजलेलं, विरघळलेलं, कुठून कुठून वाहत आलेलं, त्यातलंही काही नव्हतं. बरणीच्या आत पूर्वीच्या पाण्याची एक पुसट रेघ होती, तिथपर्यंत भरलं आणि तेच पांढरं धडपं तसंच बांधलं.

मला पुण्याला मोठी जागा मिळाली आहे, असं मी मावशीला सांगितलं होतं. तिनं आळीत साखर वाटली होती. सकाळी ट्रंक टांग्यात चढवून झाल्यावर मी बरणी तिच्यापुढं ठेवली. तिनं धडपं सोडलं, आत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"समदं हाय की," ती म्हणाली. "मग नोकरी कशानं वाचली?"

तीस वर्षांची, दोन पदव्यांची, वर्गात साठ पोरांना गप्प बसवणारी मी टांग्यातली ट्रंक उगाच नीट लावायला लागले.

तिनं धडपं पुन्हा बांधायला घेतलं. सावकाश, दोन गाठी मारून.

"घेतलं तेवढं भरलंत?"

"हो."

कशानं, ते तिनं विचारलं नाही. बरणी उचलून कपाळाला लावली आणि आत नेऊन देवापाशी, गडूच्या शेजारी ठेवली.